रिम्माचा खरा आवाज

१

सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास ताया ग्लुश्को ग्रंथालयाच्या मागच्या खोलीचं कुलूप काढत होती. तेवढ्यात जिन्यातून कुणाचे तरी हुंदके ऐकू आले. ती वळली. खालून तिसऱ्या पायरीवर न्यूरामावशी बसली होती. एका पायात बर्फातला बूट, दुसऱ्या पायात घरातली सपात. पंच्याहत्तरीची बाई एस्टोनियाच्या सीमेवरच्या नार्वा शहरातल्या त्या मार्चातल्या थंडीत अशीच अर्धं शहर तुडवत आली होती.

"रिम्माला नेलं," ती म्हणाली. "दवाखान्यातूनच. अंगावरचा पांढरा कोटसुद्धा काढू दिला नाही. तिच्या मैत्रिणीनं फोन करून सांगितलं आणि ठेवून दिला."

तायाच्या हातातली किल्ली तशीच राहिली.

"कशावरून नेलं?"

न्यूरामावशीनं फोन पुढे केला. "हे ऐक. आणि मग तुम्ही माझ्या पोरीला काय शब्द दिला होता तेही सांग."

नदीपलीकडच्या, म्हणजे रशियातल्या, कुठल्याशा बातम्यांच्या चॅनलनं पहाटे एक रेकॉर्डिंग टाकलं होतं. अकरा मिनिटांचं. वर मथळा होता: 'ही पाहा, आपल्या देशाला विकणारी नर्स.' तायानं ते सुरू केलं.

"नको हो, चहा नको. नुसतं पाणी चालेल. पुलावर तीन तास उभी होते, पाय अजून बधिर आहेत."

रिम्माचा आवाज. जराही न बदललेला. थोडा घोगरा, 'र'वर किंचित अडणारा. तो एकदा ऐकलेला माणूस हजारांत ओळखेल, आणि नदीपलीकडच्या त्या छोट्या गावात तर तो सगळ्यांनीच ऐकला होता.

ताया, तिला शाळेत इतिहास शिकवलेल्या बाई आणि हे ग्रंथालय मिळून सहा वर्षं एक पॉडकास्ट चालवत होते. नाव होतं 'कुणी सांगितलं?' लोक त्यांना फोनवर फिरणाऱ्या, टीव्हीवर दाखवलेल्या बातम्या पाठवायचे आणि बाई एकेक बातमी घेऊन तिच्यामागे लागायच्या. हे कुणी सांगितलं? त्याला कसं कळलं? यात फायदा कुणाचा? एवढेच तीन प्रश्न. शहरातले नव्वद टक्के लोक रशियन बोलणारे, घरोघरी पलीकडची वाहिनी लागलेली. म्हणून बाईही रशियनमध्येच बोलायच्या. ऐकणारे असतील तीनशे-साडेतीनशे.

फेब्रुवारीत पलीकडच्या एका प्रसूतिगृहात स्फोट झाला. सहा बायका गेल्या, चार बाळं गेली. टीव्हीनं सांगितलं की नदीच्या अलीकडून, म्हणजे नार्वातून, ड्रोन आलं. इथल्या शेजाऱ्या-शेजाऱ्यांत त्यावरून हातघाई झाली. आणि मग रिम्मा आली. ती त्याच प्रसूतिगृहात नर्स होती. महिन्यातून एकदा सीमेवरचा पूल ओलांडून आईला भेटायला यायची. ती म्हणाली, ड्रोन इथून आलंच नाही, मी सांगते काय झालं ते. फक्त माझा आवाज ओळखू येता कामा नये.

तायानं तिला स्वतः शब्द दिला होता, आणि आवाज पार बदलूनच तो भाग लावला होता.

तेवढ्यात खालून अलेफ्तिना पावलोव्ना बाई आणि ग्रंथपाल उर्मास एकदमच वर आले. दोघांनाही कळलेलं दिसत होतं. बाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्या न्यूरामावशीच्या खांद्यावर हात ठेवायला गेल्या तर तिनं तो झटकला.

"मूळ रेकॉर्डिंग कुणाकडं होतं?" तिनं विचारलं.

उर्मास हळूच म्हणाला, "फक्त तायाकडं. तिच्या कपाटात. किल्लीही तिच्याकडंच असते."

आणि तिघांनी तायाकडं पाहिलं.

२

दुपारपर्यंत दोन सरकारी माणसं येऊन तायाचा संगणक, कपाटातली मूळ रेकॉर्डिंगची डबी, सगळं घेऊन गेली. शहर सोडून जायचं नाही, एवढं बजावून त्यांनी तिला घरी पाठवलं. घराखाली बाकावर बसणाऱ्या तीन म्हाताऱ्या तिला पाहून बोलायच्या थांबल्या.

"किती दिले गं?" त्यांतली एक मागून म्हणाली. "की फुकटातच विकलंस?"

तायानं दार लावून घेतलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं.

ती बावन्न वर्षांची होती. त्यातली बावीस वर्षं तिनं रेडिओवर नाटकांचे आवाज जुळवण्यात घालवली होती. लोक चेहरे लक्षात ठेवतात, तशी ती खोल्या लक्षात ठेवायची. कुठल्या खोलीत आवाज कसा आपटतो, कुठे गिळला जातो. म्हणून शब्दांकडं दुर्लक्ष करून ती फक्त आवाज ऐकत राहिली.

"नुसतं पाणी चालेल," रिम्मा म्हणाली. कोट काढल्याची सळसळ. खुर्ची सरकली. कुणीतरी पेला टेबलावर ठेवला. दार लागलं. बाई म्हणाल्या, "निवांत बस, घाई नाही." मग दुसराच एक बाईमाणसाचा आवाज आला, लांबून: "हं, सुरू करते."

तायानं रेकॉर्डिंग थांबवलं.

तो आवाज तिचा स्वतःचा होता.

'सुरू करते' म्हणाल्यावरच ती यंत्राचं बटण दाबायची. सहा वर्षांत एकदाही उलटं झालं नव्हतं. म्हणजे तिच्या यंत्रातलं रेकॉर्डिंग त्या शब्दांनंतर सुरू होत होतं. आणि हे तर त्याच्या दीड मिनिट आधीपासूनचं होतं. पाणी, कोट, खुर्ची, दार... यातलं काहीही तिच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये असणं शक्यच नव्हतं.

तिच्या कपाटातून काहीच चोरीला गेलं नव्हतं. रिम्मा बोलली त्या बुधवारी खोलीत दुसरंच एक यंत्र चालू होतं, आणि ते कुणाच्या तरी जवळ होतं.

पाण्याचा पेला उर्मासनं आणला होता. त्याच्या हातात फोन होता, हे तायाला स्पष्ट आठवलं.

३

उर्मास किल्प चाळिशीचा, सडसडीत, नेहमी कावलेला असायचा. मंगळवारी सकाळी तो मुलांच्या विभागात पुस्तकं लावत होता. अंगात ते निळं नायलॉनचं जाकीट. ग्रंथालयाचा हीटर महिनाभर धड चालत नव्हता, म्हणून ते अंगातून उतरतच नव्हतं. हात वर केला की चुरचुर वाजायचं.

"तू मला विचारायला आलीस?" तो म्हणाला. "वा! काल संशय तुझ्यावर, आज माझ्यावर. उद्या कुणावर, पुस्तकांवर?"

"उर्मास, तुला ती खोली रिकामी हवी होती."

"हवी होती. अजूनही हवी आहे. वरून रोज पत्रं येतात. कुणी तक्रार करतं की ग्रंथालयात परदेशी हेर बसवलेत, कुणी म्हणतं रशियन का बोलता. दोन्ही बाजूंच्या शिव्या मी एकट्यानं खाल्ल्या. पण म्हणून मी एका बाईला तुरुंगात धाडीन?" त्यानं हातातली पुस्तकं आपटली. "मी पाणी ठेवलं, दार ओढलं आणि गेलो. मुलीचा फोन आला होता, तिच्याशी बोलत गेलो. दात दुखत होता तिचा. ऐक ना परत, असेल त्यात."

होतं. तायानं ते सकाळीच चारदा ऐकलं होतं. दार लागल्यावर बाहेरच्या बोळातून उर्मासचा आवाज एस्टोनियनमध्ये काहीतरी समजावत लांब लांब गेला होता. त्याचा फोन त्याच्या कानाशी होता. आणि रेकॉर्डिंग त्यानंतरही साडेनऊ मिनिटं चाललं होतं.

शिवाय ते जाकीट. रेकॉर्डिंगभर एक मऊसर घासल्याचा आवाज होता, श्वासासारखा खालीवर होणारा. लोकरीचा. फोन कुणाच्या तरी अंगावर होता, लोकरीच्या कपड्यात. नायलॉन असं कधी बोलत नाही.

"मला ठाऊक आहे तू नव्हतास," ताया म्हणाली. "मला फक्त नक्की करायचं होतं."

उर्मासनं तिच्याकडं निरखून पाहिलं. त्याचा राग एकदम ओसरला.

"मी गेलो, दार लागलं," तो सावकाश म्हणाला. "मग आत कोण राहिलं, ताया?"

ताया तिथून थेट न्यूरामावशीकडं गेली.

न्यूरामावशी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून लोकरीचे मोजे, साखर, साबण असं एका पिशवीत भरत होती. पिशवी पलीकडं पोचवायला कुणी तयार नव्हतं. तरी ती भरत होती, काढत होती आणि पुन्हा भरत होती.

"मावशी, एकच विचारते. त्या दिवशी रिम्मानं स्वतःच फोनवर काही रेकॉर्ड केलं असेल का? आठवण म्हणून, पुरावा म्हणून?"

"कुठल्या फोनवर?" न्यूरामावशी वर न बघता म्हणाली. "पुलावर फोन उघडून बघतात. ती फोन घरीच ठेवून यायची. मला निघाल्याचं कळवायची नाही की पोचल्याचं. मी खिडकीत बसून पूल बघत राहायचे." तिनं साबण हुंगला आणि पिशवीत ठेवला. "तिला मी सांगितलं होतं, गप्प राहा. ती म्हणाली, आई, ती चार बाळं माझ्या हातांतली होती गं."

ताया खाली आली तेव्हा हिशेब फारच सोपा झाला होता. खोलीत तिघी होत्या. रिम्माकडं फोन नव्हता. ताया स्वतः माइकपासून लांब, भिंतीशी होती, म्हणून तर तिचा आवाज लांबून येत होता.

उरली ती एकच, आणि तिनंच तायाला चौदाव्या वर्षी शिकवलं होतं की उत्तर आवडलं नाही म्हणून ते चूक ठरत नाही.

४

तरी तिला ते खरं वाटेना. बाई असं करतीलच का? घाबरवलं असेल? त्यांचं पलीकडं कुणी नव्हतं. मूलबाळ नव्हतं. लोभ म्हणावा तर बाई पंधरा वर्षं तोच राखाडी लोकरी स्वेटर घालत होत्या.

राखाडी, लोकरी. खोल खिशांचा.

तिनं बसथांब्यावर उभ्याउभ्याच पुन्हा हेडफोन लावले. अजून एक गोष्ट तिला खटकत होती. सातव्या मिनिटाला आणि पुन्हा नवव्या मिनिटाला एक अगदी बारीक शिट्टी वाजली होती. सुईसारखी. तशी शिट्टी ग्रंथालयाच्या खोलीत कधीच वाजत नव्हती. आणि आता लक्ष देऊन ऐकल्यावर त्या खोलीच्या मागे आणखी एक खोली ऐकू येत होती. फरशीची, लहान, घुमणारी. मधेच एक फ्रिज थरथरून बंद पडला.

म्हणजे हे मूळ रेकॉर्डिंग नव्हतंच. कुणीतरी ते स्वयंपाकघरात फोनवर मोठ्यानं लावलं होतं, आणि दुसऱ्या कुणीतरी ते दुसऱ्या फोनवर पुन्हा टिपलं होतं. चॅनलकडं गेलं ते हे दुसरं.

बाईंचं घर पाचव्या मजल्यावर होतं. ताया तिथं शेकडो वेळा जेवली होती. जिना चढतानाच खरंतर ग्लेबकाकांचा टीव्ही ऐकू यायचा. काका बाईंचे नवरे. शहात्तरीचे, कापडगिरणीतून निवृत्त झालेले. गिरणीतल्या मागांनी त्यांचे कान घेतले होते आणि उरलेलं डोकं पलीकडच्या वाहिनीनं, असं बाई चिडून म्हणायच्या. टीव्ही सकाळी सातला लागायचा तो झोपेपर्यंत. बाई एका खोलीत पॉडकास्टची तयारी करायच्या आणि दुसऱ्या खोलीतून त्यांना उत्तर मिळावं तशा बातम्या यायच्या. चाळीस वर्षांचा संसार, त्यातली शेवटची दहा वर्षं ही अशी.

आज जिन्यात काही ऐकू आलं नाही.

दार बाईंनी उघडलं. आत टीव्हीवर टेबलक्लॉथ टाकलेला होता.

"बंद पडला का?" तायानं विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "ग्लेबनं बंद केला. शुक्रवारी."

ग्लेबकाका स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. त्यांनी तायाकडं पाहिलं नाही. बटाट्याची साल जाड जाड निघत होती, अर्धा बटाटा तिच्याबरोबर जात होता.

"काका, बरं आहे ना?"

"काय?"

"बरं आहे ना, म्हटलं!"

काकांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. इतक्यात टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. त्यांनी हात पुसले, फोन उचलून कानातल्या श्रवणयंत्राशी नेला. आणि यंत्र वाजलं.

बारीक शिट्टी. सुईसारखी.

फ्रिज थरथरून बंद पडला.

ताया खुर्चीवर बसली. बाई दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. त्यांनी तायाच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि वर्गात मुलगी बरोबर उत्तराशी पोचली की पूर्वी त्या जशा डोळे मिटून घ्यायच्या, तसे मिटून घेतले.

"सांग," त्या म्हणाल्या. "कशावरून ते सगळं सांग. मला ऐकायचंय."

५

तायानं सांगितलं. 'सुरू करते' हे शब्द आणि त्यांच्या आधीचं दीड मिनिट. बोळातून लांब गेलेला उर्मास. पलीकडं राहिलेला रिम्माचा फोन. श्वासाबरोबर खालीवर होणारी लोकर. आणि ही शिट्टी, हा फ्रिज. ती न थांबता बोलली. थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं.

"फोन तुमच्या स्वेटरच्या खिशात होता, बाई. पण तो तुम्ही चॅनलला दिला नाहीत, एवढं मला कळतं. 'का' तेवढं कळत नाही."

बाई येऊन समोर बसल्या.

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या. "त्रेसष्ट भाग. किती लोकांची मतं बदलली असतील गं आपण? खरं सांग. जे ऐकायचे त्यांना आधीच पटलेलं होतं. आणि माझ्या घरात, या भिंतीपलीकडं, हा माणूस. प्रसूतिगृहाची बातमी आली त्या दिवशी तो मला म्हणाला, तुझ्या लोकांनी बाळं मारली. तुझ्या लोकांनी! चाळीस वर्षं एका ताटात जेवलेला माणूस." त्यांनी टेबलावरची एक साल उचलली आणि परत ठेवली. "मला ठाऊक होतं, रिम्माचा भाग ऐकून तो म्हणेल, हा कसला भुताचा आवाज? कुणी नटी आणून बसवली असेल. आणि तसंच म्हणाला. म्हणून मी आधीच खिशात फोन ठेवला होता. फक्त त्याच्यासाठी. एका माणसासाठी, ताया. एकदाच ऐकवायचं आणि पुसून टाकायचं."

"ऐकवलंत?"

"शुक्रवारी. इथंच. म्हटलं, हा आवाज ओळख. न्यूराची रिम्मा आहे ही. गिरणीच्या दारात तू हिला साखरेचे खडे द्यायचास. ही खोटं बोलेल?"

ग्लेबकाकांनी सुरी खाली ठेवली. त्यांना किती ऐकू येत होतं कोण जाणे, पण कशाबद्दल चाललंय ते कळत होतं.

"मला सगळं ऐकू आलं नाही," ते म्हणाले. एरवी ते ओरडून बोलायचे. आज आवाज खाली होता. "हिच्या फोनमधून शब्द तुटक यायचे. म्हणून मी माझा फोन धरला बाजूला. नंतर कानात लावून ऐकावं म्हणून. पाच वेळा ऐकलं. ती बाळांची नावं सांगते ना, शेवटी, ते मला पाचव्या खेपेला कळलं."

"आणि मग, काका?"

"मग मी टीव्ही बंद केला."

त्यांनी टेबलावरचा फोन पालथा ठेवला.

"रविवारी आमच्या गिरणीच्या मंडळींना पाठवलं. सहा जण उरलोय आम्ही. दोघं नदीपलीकडं असतात. मीच त्यांना रोज ड्रोनच्या बातम्या पाठवायचो, वर शिव्या लिहून. मग खरं कळल्यावर ते सांगायला नको? मी लिहिलं, पोरांनो, मी चुकलो होतो, हे ऐका, ही आपल्या न्यूराची मुलगी आहे." त्यांनी तायाकडं पहिल्यांदाच पाहिलं. "मी तिचं नाव लिहिलं, ताया. लोकांना खरं वाटावं म्हणून."

सहा वर्षांत 'कुणी सांगितलं?'नं एका माणसाचं मत बदलल्याचं ताया पहिल्यांदा पाहत होती. तो तिच्यासमोर बसला होता, आणि त्याचे हात बटाट्याच्या पाण्यानं भिजलेले होते.

"मला जायचंय तिकडं," काका म्हणाले. "मी सांगतो त्यांना, मीच खोटं केलं म्हणून. आवाज मशीननं बनवला म्हणतो. मला ठेवा, तिला सोडा. सोडतील ना?"

बाईंनी तोंडावर हात दाबून धरला. तायानं नकारार्थी मान हलवली. हे त्यांच्या कानाशी ओरडून सांगणं तिला जमलं नाही.

६

बाईंनी शेवटचा भाग केला. तायानं नको म्हटलं, उर्मासनंही नको म्हटलं. बाई म्हणाल्या, सहा वर्षं मी लोकांना सांगितलं की नीट पुरावा पाहा आणि मग बोला. आता माझ्या पाळीला गप्प कशी बसू? तायावरचा आळ तरी जायला हवा. त्यांनी सगळं सांगितलं. खिशातला फोन, स्वयंपाकघर, गिरणीची मंडळी. आवाज न बदलता, काही न लपवता. शेवटी त्यांनी रिम्माची आणि न्यूरामावशीची माफी मागितली.

आजवर तीनशे लोक ऐकायचे. हा भाग चाळीस हजारांनी ऐकला.

पलीकडच्या वाहिनीनं त्यातली बावीस सेकंदं कापून घेतली: 'मी खिशात फोन लपवून रेकॉर्डिंग केलं.' खाली लिहिलं, हेरगिरीची कबुली. रिम्माच्या खटल्यात ती बावीस सेकंदं वाजवली गेली.

आणि अलीकडं? अलीकडं बाकावरच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, पावलोव्ना त्या तायाला वाचवतेय. कुणी म्हणालं, सरकारनं कागद लिहून दिला, हिनं वाचला. न्यूरामावशीनं तो भाग ऐकला नाही. तिनं बाईंचं पत्रही न उघडता परत पाठवलं. एका शिक्षकाचं पत्र मात्र बाई पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. तो पहिल्या भागापासून ऐकत आला होता.

'बाई,' त्यानं लिहिलं होतं, 'तुम्हीच शिकवलेले तीन प्रश्न मी विचारले. कुणी सांगितलं? ज्यांच्यावर आळ आहे त्यांनीच. त्यांना कसं कळलं? एका आवाजतज्ज्ञ मैत्रिणीच्या कानांवरून. फायदा कुणाचा? तुमचाच. तेव्हा क्षमा असावी, मला हे पटत नाही. यापुढे मी कुणाचंच काही मानायचं नाही असं ठरवलंय. त्याबद्दल तुमचे आभार.'

बाईंनी त्याच आठवड्यात माइक उर्मासला परत केले. त्या खोलीत आता जुनी मासिकं ठेवतात.

ऑगस्टअखेर निकाल लागला. अकरा वर्षं. न्यूरामावशी खिडकीतली खुर्ची काही हलवत नव्हती.

सप्टेंबरात एका शनिवारी तायाला बाजारात ग्लेबकाका दिसले. जंगलातून आलेल्या पिवळ्या अळंब्यांच्या टोपल्यांपाशी रांग होती, त्यात ते उभे होते. सदऱ्याच्या कॉलरमध्ये आता दोन बोटं जातील इतकी मान बारीक झाली होती. बाई घराबाहेर पडत नाहीत, खायला मागत नाहीत, एवढं तायाच्या कानावर होतं. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"बाई कशा आहेत?" तिनं त्यांच्या कानाशी वाकून विचारलं.

"आहे," ते म्हणाले. मग इकडंतिकडं पाहून म्हणाले, "ताया, ती हेरच होती."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"कोण, काका?"

"रिम्मा. कागद दाखवले परवा, टीव्हीवर. तिची सही आहे खाली. पैसे घेतले होते तिनं, ठरलेलं होतं सगळं. मी पाठवलं नसतं तरी तिला धरणारच होते ते. आधीपासून पाळत होती तिच्यावर. तसं सांगितलं त्यांनी."

कागद कुणी दाखवले, सही कुठं आणि कुणाच्या समोर घेतली, पाळत होती तर मग रेकॉर्डिंग कशाला लागलं... तायाच्या जिभेवर सगळं ओळीनं तयार होतं. असे कागद तिनं नि बाईंनी त्रेसष्ट वेळा उलगडून दाखवले होते. काकांच्या समोर तर एका मिनिटाचं काम होतं. आणि काका ऐकतील हेही तिला ठाऊक होतं. एकदा ऐकलं होतं त्यांनी.

"होतीच ना ती?" काकांनी तिचा दंड धरला. "तुला त्यातलं कळतं. तू सांग. नाहीतर मग... नाहीतर मग ते मीच केलं ना गं?"

रांग पुढे सरकली. मागच्या माणसानं तायाला कोपरानं ढकललं.

"हेरच होती, काका," ताया मोठ्यानं म्हणाली, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून. आजूबाजूच्या चारपाच जणांनी वळून पाहिलं.

ग्लेबकाकांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"देव तुझं भलं करो, पोरी," ते म्हणाले.

सहा वर्षांत तिच्या कामाबद्दल तिला असं कुणीच म्हटलं नव्हतं.